सर वॉल्टर रॅले

एलिझाबेथ राणीचे पाय चिखलानें माखूं नयेत म्हणून आपला उंची झगा वाटेवर पसरणारा सरदार, एवढीच सर वॉल्टर रॅले याची ओळख पुष्कळांस असते. ही गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनीं प्रथम छापली गेली. त्याच्या चरित्रांतील याहून मननीय असा भाग आम्ही आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

रॅले याचा जन्म इ. स. १५५२ च्या सुमारास इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांत झाला. त्याचा सावत्र भाऊ सर हंफ्री गिल्बर्ट हा वसाहतीच्या शोधांत न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन परत येत असतां १५८३ सालीं जहाजासह बुडाला. पुढच्याच वर्षीं राणीनें रॅलेला वसाहतीची सनद दिली. त्यानें धाडलेलीं दोन जहाजें अमेरिकेच्या रोआनोक बेटाशीं पोहोंचलीं. तेथील मूळ रहिवाशांनीं पाहुण्यांचें चांगलें आतिथ्य केलें. अविवाहित राणीच्या सन्मानार्थ त्या प्रदेशास व्हर्जिनिया हें नांव मिळालें.

१५८५ सालीं राल्फ लेन याच्या हाताखालीं सुमारें शंभर पुरुष तेथें राहिले. त्यांचें पोट शेजाऱ्यांच्या धान्यावर अवलंबून होतें. त्यांतून तेढ वाढली, आणि १५८६ त लेनच्या माणसांनीं तेथील राजा विंगिना यास ठार केलें. लवकरच ते स्वदेशीं परतले; वैर मात्र मागें उरलें.

१५८७ सालीं जॉन व्हाइट याच्याबरोबर शंभराहून अधिक स्त्रीपुरुष व मुलें त्याच बेटावर उतरलीं. १८ ऑगस्ट रोजीं व्हाइटच्या कन्येस मुलगी झाली. अमेरिकेंत जन्मलेलें हें पहिलें इंग्रज मूल. साहित्य आणावयास व्हाइट इंग्लंडला गेला, परंतु स्पेनच्या आरमाराशीं युद्ध जुंपल्यामुळें जहाजें अडकून पडलीं. १५९० च्या ऑगस्टांत तो परतला तेव्हां वसाहत ओस होती. खांबावर क्रोएटोअन या शेजारच्या बेटाचें नांव कोरलेलें होतें. वादळामुळें तेथें जाणें घडलें नाहीं, आणि त्या जीवांचें काय झालें हें आजतागायत निश्चित कळलेलें नाहीं.

रॅले स्वतः त्या भूमीवर कधींच उतरला नाहीं. सोन्याच्या आशेनें तो १५९५ सालीं दक्षिण अमेरिकेंतील गियानास मात्र जातीनें गेला. १६०३ त राजद्रोहाच्या आरोपावरून त्यास देहान्ताची शिक्षा झाली व तो बारा वर्षांहून अधिक काळ कैदेंत राहिला. तेथेंच त्यानें जगाचा इतिहास लिहिला. सोनें आणण्याच्या बोलीवर तो १६१६ त सुटला. त्या सफरींत सोनें मिळालें नाहीं आणि तरुण मुलगा स्पॅनिश लोकांशीं झालेल्या लढाईंत पडला. २९ ऑक्टोबर १६१८ रोजीं जुन्याच शिक्षेनुसार त्याचा शिरच्छेद झाला.

रॅलेचें धैर्य व विद्वत्ता हीं आम्हांस वंदनीय वाटतात. परंतु दुसऱ्यांस दूरदेशीं धाडणाऱ्यावर त्यांच्या प्राणांचा भार असतो, आणि ज्यांचें अन्न खावें त्यांच्याशीं सख्य राखावें लागतें. या दोन गोष्टी सुटल्या म्हणजे राणीची सनदही एका तान्ह्या मुलीचें रक्षण करूं शकत नाहीं, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये.