माक्स बोर्न : एका प्रजासत्ताकाचा उदय आणि अस्त

माक्स बोर्न यांचे नाव भौतिकीच्या इतिहासात पुंजयामिकीच्या संभाव्यतामूलक अर्थनिर्णयनाशी निगडित आहे. परंतु जर्मनीतील लोकशाहीच्या ऱ्हासाचा विचार करतानाही त्यांचे चरित्र उपेक्षिता येत नाही. वायमार प्रजासत्ताकाचा जन्म त्यांनी बर्लिनच्या संसदभवनात जवळून पाहिला, त्याचा अंत ग्यॉटिंगेन विद्यापीठात अनुभवला आणि त्या अंताची झळ त्यांना बंगळूर येथेही लागली.

बोर्न यांचा जन्म ११ डिसेंबर १८८२ रोजी ब्रेस्लाउ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१५ मध्ये बोर्न बर्लिन विद्यापीठात आले आणि तेथे आल्बर्ट आइनस्टाइन यांच्याशी त्यांचा आजन्म स्नेह जुळला. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी सम्राटाची सत्ता संपून प्रजासत्ताक घोषित झाले. त्या धामधुमीत क्रांतिकारक विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या कुलगुरूंना स्थानबद्ध केले. त्यांच्या सुटकेसाठी आइनस्टाइन, बोर्न आणि मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर प्रथम संसदभवनात आणि तेथून नव्या शासनाचे प्रमुख फ्रीडरिश एबर्ट यांच्याकडे गेले. एबर्ट यांनी दिलेल्या चिठ्ठीने प्रश्न मिटला. नवी राजवट विवेकाचे बोलणे ऐकते, असा विश्वास घेऊन ते तिघे परतले.

१९२१ मध्ये बोर्न ग्यॉटिंगेनला प्राध्यापक झाले. वेर्नर हायझेनबर्ग आणि पास्कुआल योर्डान यांच्यासह त्यांनी १९२५ मध्ये पुंजयामिकीची उभारणी केली. प्रजासत्ताकाची प्रकृती मात्र खालावत होती. १९२३ च्या चलनफुगवट्याने मध्यमवर्गाची पुंजी मातीमोल केली होती. १९२९ नंतरच्या मंदीने बेकारांची संख्या लक्षावधींनी वाढली. १९३० पासून मंत्रिमंडळे संसदेतील बहुमताऐवजी राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखालील अध्यादेशांवर चालू लागली. नाझी पक्षाच्या १९२८ मध्ये अवघ्या १२ जागा होत्या. १९३० मध्ये त्या १०७ आणि जुलै १९३२ मध्ये २३० झाल्या. प्राध्यापकवर्गातील अनेकांना प्रजासत्ताक हे पराभवाचे अपत्य वाटे. राजकारणापासून अलिप्त राहणे हीच विद्वत्तेची मर्यादा, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे ज्या व्यवस्थेने त्यांच्या संशोधनस्वातंत्र्याला आश्रय दिला, तिच्या रक्षणाचे दायित्व आपले आहे, असे त्यांना वाटलेच नाही.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर यांना पंतप्रधानपद मिळाले. २३ मार्च रोजी साम्यवादी सदस्यांच्या अनुपस्थितीत ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संसदेने आपले अधिकार शासनाच्या स्वाधीन केले. ७ एप्रिलच्या कायद्याने ज्यू वंशाच्या शासकीय सेवकांची हकालपट्टी सुरू झाली. महायुद्धात लढल्यामुळे सवलतीस पात्र असलेले भौतिकीतज्ज्ञ जेम्स फ्रांक यांनी निषेधार्थ राजीनामा दिला. तेव्हा ग्यॉटिंगेनच्या ४२ अध्यापकांनी पत्रक काढून निषेध केला तो फ्रांक यांचाच. २५ एप्रिल रोजी बोर्न यांनाही निलंबित करण्यात आले. १९१४ मध्ये त्यांनी घेतलेली ख्रिस्ती दीक्षा नव्या कायद्यापुढे निरुपयोगी ठरली. अन्य विद्यापीठांचेही चित्र निराळे नव्हते. इरावती कर्वे यांनी प्रजासत्ताकाच्या अखेरच्या पर्वात बर्लिनमध्ये ज्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले, ते मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर १९३३ मध्येच तेथील कुलगुरू झाले.

बोर्न सहकुटुंब इटलीतील टिरोलमध्ये आणि तेथून केंब्रिजला गेले. तेथील नेमणूक तात्पुरती होती. १९३५–३६ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या निमंत्रणावरून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुमारे सहा महिने अध्यापन केले. त्यांना तेथे कायमचे अध्यापनपद द्यावे, असा प्रस्ताव रामन यांनी मांडला. परंतु अध्यापकांच्या सभेत, बोर्न यांच्या समक्ष, एका इंग्रज प्राध्यापकाने त्याला कडाडून विरोध केला. स्वदेशाने झिडकारलेला हा दुय्यम प्रतीचा विद्वान संस्थेला नको, असा त्या भाषणाचा आशय होता. घरी परतल्यावर बोर्न यांना अश्रू आवरले नाहीत. एका अन्यायी राजवटीने केलेली हकालपट्टी हजारो मैलांवरील ज्ञानपीठात गुणवत्तेचा दाखला म्हणून वाचली गेली, हे या प्रसंगातील खरे शल्य होय. लोकशाहीचा घात एका देशाच्या सीमेत थांबत नाही, तो असा.

१९३६ मध्ये एडिंबरो विद्यापीठाने त्यांना अध्यासन दिले. १९३८ मध्ये त्यांचे जर्मन नागरिकत्व काढून घेण्यात आले. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ३१ ऑगस्ट १९३९ रोजी, ते ब्रिटिश नागरिक झाले. निवृत्तीनंतर ते जर्मनीत परतले आणि १९५४ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. परतण्याने जुना हिशेब मिटला, असे त्यांनी मानले नाही. विद्वानाने सार्वजनिक प्रश्नांवर मौन पाळू नये, असा धडा त्यांनी घेतला होता. १९५५ च्या रसेल–आइनस्टाइन जाहीरनाम्यावर त्यांची स्वाक्षरी आहे. १२ एप्रिल १९५७ रोजी पश्चिम जर्मन सैन्याला अण्वस्त्रे देण्याच्या विचाराला १८ शास्त्रज्ञांनी जाहीर विरोध केला. त्यांतही बोर्न होते. हे निवेदन ग्यॉटिंगेनच्याच नावाने ओळखले जाते. १९३३ मध्ये त्या नगरातील ४२ स्वाक्षऱ्या सत्तेच्या बाजूने पडल्या होत्या. ५ जानेवारी १९७० रोजी त्याच नगरात बोर्न यांचे निधन झाले.