बाबासाहेब आणि मतदानाचे नियम

माणगावच्या परिषदेत, मार्च १९२० मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ओळख समाजाचा नेता म्हणून करून दिली, हे करवीरवासीयांस सांगणे नलगे. महाराजांनी १९०२ मध्येच दरबारच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागास वर्गांस राखून ठेवल्या होत्या. दरबारच्या जागा हुकमाने देता येतात. कायदेमंडळाच्या मात्र मतांनी भरावयाच्या असतात. ती मते कोणत्या नियमाने द्यावयाची, या प्रश्नाने बाबासाहेबांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. जयंतीच्या व्याख्यानांत हा भाग क्वचितच येतो, म्हणून आम्ही येथे तेवढाच मांडतो.

महू येथे १८९१ मध्ये जन्मलेले बाबासाहेब १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकाराविषयी साक्ष देण्यास उभे राहिले, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

१९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्य मतदारास दोन मते दिली: एक स्वतःच्या प्रतिनिधीसाठी, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. हे दुसरे मत बाबासाहेबांना फार मोलाचे वाटे. त्यामुळे सवर्ण उमेदवारासही अस्पृश्य वस्तीत मते मागावी लागली असती. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. प्रांतिक जागा वाढून १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले. अस्पृश्यांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडावे व त्यांतील एकास सर्व मतदारांनी विजयी करावे, असे ठरले. यातील पेच बाबासाहेबांनी पुढे उलगडून दाखविला. चौघांत तिघे समाजाचे विश्वासू आणि चौथा जेमतेम आत आलेला असला, तरी बहुसंख्यांनी त्या चौथ्याच्या पारड्यात मते टाकली की तोच अस्पृश्यांचा प्रतिनिधी!

१९३७ मध्ये मुंबई इलाख्यातील बहुसदस्य मतदारसंघांत आपली सारी मते एकाच उमेदवारास देण्याची मुभा होती. समजा, मतदार १००, जागा ३. सव्वीस जणांनी आपली ७८ मते एकास दिली, तर उरलेल्या चौऱ्याहत्तर जणांची २२२ मते तिघांत वाटली जाऊन प्रत्येकी ७४ च पडतात. एकजूट राखणाऱ्या अल्पसंख्यांस यासारखी ढाल नाही. त्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने दहाहून अधिक जागा जिंकल्या.

संविधान सभेत १९४९ मध्ये त्यांनी आठवण दिली, की ठराव, गणसंख्या व शलाकांनी मतदान हे नियम भिक्खू संघात पूर्वीच रूढ होते.

पुढे १९५१ च्या कायद्याने दोन्ही मते एकास देण्यास मनाई केली. तेव्हा कायदामंत्री स्वतः बाबासाहेबच होते, हा दैवदुर्विलासच म्हणावा. १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात नारायण काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला. कारणे अनेक होती. तथापि हा नियमही त्यांच्या विरोधातच गेला, असे आमचे मत आहे. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ मध्ये रद्द झाले, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर पाच वर्षांनी. राखीव जागेवरील प्रतिनिधी मात्र आजही सर्व मतदार मिळूनच निवडतात.