हॉपरबाईंचा कंपायलर

आमच्या लॅबमध्ये एका सिनिअरने एक छोटीशी कमांड करून ठेवली आहे. काळ्या स्क्रीनवर तिचं नाव आणि पुढे आपल्या फाइलचं नाव टाईप करून एंटर मारलं, की प्रोग्रॅम कंपाईल होतो आणि चुका नसतील तर लगेच रनसुद्धा होतो. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण सगळेच ती वापरतो आणि काही बिघडलं की कंपायलरला शिव्या घालतो. पण माणसाने लिहिलेल्यातून मशीनचा प्रोग्रॅम मशीननेच तयार करावा, हे मुळात सुचलं कोणाला? व्हायव्हात मला हे विचारलं गेलं आणि मी गप्प उभी राहिले. नंतर लायब्ररीत शोधताना ग्रेस हॉपर हे नाव भेटलं.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांची असताना तिने घरातलं गजराचं घड्याळ आतून बघायला उघडलं. परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. अशी सात घड्याळं खोलून झाल्यावर आईच्या लक्षात आलं! पुढे तिने व्हॅसार कॉलेजात गणित आणि फिजिक्स घेतलं, येलमधून १९३४ मध्ये गणितात पीएच.डी. केली आणि ती व्हॅसारला शिकवायची.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर या प्राध्यापिकेला नेव्हीत जायचं होतं. वय जास्त आणि वजन १५ पौंडांनी कमी, म्हणून अडचण आली. तरी खास परवानगी मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या भरती झाल्याच. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्डला झाली. तिथे होता मार्क वन हा ५१ फूट लांब कॉम्प्युटर. कागदी पट्टीला भोकं पाडून त्याला सूचना द्यायच्या. त्याचं पाचशेहून जास्त पानांचं मॅन्युअल मुख्यतः हॉपरबाईंनी लिहिलं. मार्क टूच्या रिलेमध्ये १९४७ साली सापडलेल्या पतंगाची गोष्ट आपण ऐकलेली असते. तो पतंग बाईंनी स्वतः पकडला नव्हता आणि बग हा शब्दही इंजिनिअर्स आधीपासून वापरत होते. गोष्ट मात्र त्या रंगवून सांगायच्या.

खरं मोठं काम पुढे झालं. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाला युनिव्हॅक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. तेव्हा प्रोग्रॅमर लोक साइन, कोसाइन असली नेहमी लागणारी सबरूटिन्स वहीत लिहून ठेवत आणि गरज पडली की हाताने उतरवून घेत. प्रत्येक सबरूटिन शून्य पत्त्यापासून सुरू व्हायचं, म्हणून उतरवताना प्रत्येक पत्त्यात बेरीज करावी लागे. त्यात चुका होणारच. जर्नल कॉपी करताना आपण काय काय करतो ते आठवा! बाईंना वाटलं, उतरवणं आणि बेरीज करणं हेच तर मशीनला उत्तम जमतं, मग माणसाने का करायचं?

त्यांनी सगळी सबरूटिन्स मॅग्नेटिक टेपवर चढवली आणि लायब्ररीतल्या पुस्तकांसारखा प्रत्येकाला एक कॉल नंबर दिला. आता प्रोग्रॅमरने फक्त नंबर क्रमाने द्यायचे. टेपवरून तुकडे शोधून, पत्ते बसवून, सलग प्रोग्रॅम तयार करायचं काम युनिव्हॅकचं. तुकडे संकलित करतो म्हणून तो कंपायलर. त्याचं नाव ए-झिरो, साल १९५२. आजच्या भाषेत त्याला लिंकर-लोडर म्हणणं जास्त बरोबर ठरेल, पण सुरुवात तिथे झाली.

एक अडचण मला फार आवडली. प्रोग्रॅममध्ये पुढे उडी मारायची असेल, तर ती जागा अजून ठरलेलीच नसते. बाई कॉलेजात बास्केटबॉल खेळलेल्या. त्या काळच्या मुलींच्या नियमांत बॉल घेऊन पळता येत नसे. बॉल मैत्रिणीकडे टाकायचा, आपण पुढे पळायचं आणि तिने परत द्यायचा. तसंच त्यांनी मेमरीच्या शेवटी एक कोपरा राखून ठेवला. उडी आधी तिथे मारायची, निरोप ठेवायचा, आणि पुढचं सबरूटिन आलं की तिथून त्याच्याकडे जायचं.

कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम तयार करू शकत नाही, असं तेव्हा लोकांचं ठाम मत होतं. बाईंची पुढची कल्पना तर आणखी धाडसी होती, सूचना चिन्हांऐवजी इंग्रजी शब्दांत देण्याची. त्यातून फ्लोमॅटिक झालं आणि १९५९-६० मध्ये त्याच्या पायावर कोबोल उभं राहिलं. याच कामाच्या एका प्रात्यक्षिकात त्यांनी तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. मशीनला काय, एका खुणेच्या जागी दुसरी खूण! पण साहेब लोक हादरले. अमेरिकन कॉम्प्युटरला फ्रेंच कसं कळेल? शेवटी फक्त इंग्रजीच ठेवू, असं बाईंना कबूल करावं लागलं.

इथे मी थांबले. माझी रूममेट बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. पहिल्या सेमिस्टरला ती प्रोग्रॅम आधी मराठीत कागदावर लिहायची आणि मग एरर मेसेजपाशी अडायची. मी कॉन्व्हेंटची, मला इफ आणि व्हाइल हे शब्द फुकटात मिळालेले. मी स्वतःला तिच्यापेक्षा हुशार समजत होते. लॉजिक तिचंच चांगलं होतं, हे मला उशिरा कळलं. हा लेखही तिनेच तपासून दिला आहे.

हॉपरबाई १९६६ अखेर नेव्हीतून निवृत्त झाल्या, पण १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं गेलं आणि ते सहा महिने १९८६ पर्यंत लांबले! ७९ व्या वर्षी त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. भाषणांत त्या जेमतेम ३० सेंटिमीटरची वायर दाखवायच्या. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढीच जाऊ शकते, हे समजावून सांगायला. ऑफिसात त्यांचं घड्याळ उलटं फिरायचं. घड्याळाने एकाच बाजूला फिरलं पाहिजे असं थोडंच आहे, हे येणाऱ्याला दिसावं म्हणून. १ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. अमेरिकन नेव्हीच्या एका युद्धनौकेला त्यांचं नाव दिलेलं आहे.

मित्रांनो, पुढच्या वेळी एंटर मारल्यावर स्क्रीनवर एररची रांग लागली, तर कंपायलरला शिव्या देण्याआधी वहीतून पत्ते उतरवणारे ते लोक आठवा. आणि शेजारच्या मशीनवर कोणी अडलं असेल, तर त्याला तो मेसेज मराठीत सांगा.