गोपाळरावांची माफी

दुसऱ्यास जामीन राहिलेल्या मनुष्याचा पक्षकार ऐन वेळीं पुढें आला नाहीं, तर रक्कम जामिनासच भरावी लागते, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. कै. गोपाळ कृष्ण गोखले यांस १८९७ सालीं अशीच एक रक्कम भरावी लागली. मात्र ती रुपयांची नव्हे, अब्रूची होती.

गोपाळरावांचा जन्म १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं झाला. वडील लवकर वारले. थोरल्या बंधूंनीं आपल्या तुटपुंज्या पगारांतून पैसे पाठवून त्यांस शिकविलें. १८८४ सालीं बी. ए. झाल्यावर त्यांनीं पुण्यास अल्प वेतनाची शिक्षकी पत्करली. शाळेंत बक्षीस मिळत असतां, गणित दुसऱ्याच्या मदतीनें सोडविल्याचें त्यांनीं रडत कबूल केलें, ही आख्यायिका घरोघर सांगतात. ती खरी असो वा नसो. लहान मुलास असा खरेपणा फारसा महाग पडत नाहीं. खरी कसोटी एकतिसाव्या वर्षीं लागली.

त्या वर्षीं ते वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास विलायतेंत गेले होते. इकडे पुण्यांत प्लेगच्या तपासणीसाठीं गोरे सोल्जर घरोघर शिरत होते. मित्रांच्या पत्रांवर विश्वास ठेवून गोपाळरावांनीं तेथील वर्तमानपत्रांतून सांगितलें कीं, सोल्जरांनीं दोन स्त्रियांची अब्रू घेतली व त्यांपैकीं एकीनें जीव दिला. सरकारनें आरोप नाकारला व पुरावा मागितला. जुलैअखेर ते मुंबईस उतरले, तों पुण्याचा रंगच पालटला होता. रँडचा खून झाला होता, टिळकांस अटक झाली होती, आणि बोलावयास कोणी धजत नव्हतें. पुरावा मिळेना.

आतां करावें काय? गप्प बसतां आलें असतें. पत्रें लिहिणारांचीं नांवें सांगून मोकळें होतां आलें असतें. खराब मालाचा दोष आडत्यावर ढकलणारे दुकानदार आपणांतही थोडे नाहींत! गोपाळरावांनीं रानड्यांचा सल्ला घेतला आणि ऑगस्टांत गव्हर्नर व सोल्जर यांची बिनशर्त माफी जाहीरपणें मागितली.

स्वकीयांनीं त्यांस भेकड ठरविलें. माफीची भाषा जरुरीपेक्षां अधिक नमली, हा आक्षेप आम्हांसही सर्वस्वी गैर वाटत नाहीं; कारण तपासणींत लोकांचा छळ झाला, ही गोष्ट पुणेंकर जाणत होते. परंतु छळ झाला हें म्हणणें निराळें, आणि सिद्ध न होणारा विशिष्ट आरोप माथीं मारून तसाच ठेवणें निराळें. हा भेद त्यांस कळला, आणि चुकीचें माप त्यांनीं आपल्याच पदरांत घातलें.

पुढें पुण्यांत प्लेग असतां ते स्वयंसेवक म्हणून राबले. १८९९ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत निवडून आले, व १९०२ सालीं कलकत्त्यास बडे कौन्सिलांत अंदाजपत्रकावर बोलतांना सरकारी शिलकेचे आंकडे तपासून मिठावरील कर उतरविण्याची मागणी त्यांनीं केली. १९०३ सालीं तो कर उतरला. १९१५ सालीं गोपाळराव वारले. परंतु तीं पत्रें ज्या मित्रांनीं लिहिलीं, त्यांचीं नांवें त्यांनीं सरकारास कळूं दिलीं नाहींत.