पेपरवाल्यांनी अडाणी ठरवलेल्या प्रोफेसरचं रॉकेट कोबीच्या मळ्यात पडलं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं

दिवाळीत बाटलीत रॉकेट उभं करून वात पेटवली नाही असा माणूस आपल्याकडं शोधून सापडायचा नाही. ते एक तर सरळ वर जातं, नाहीतर शेजारच्या काकूंच्या गॅलरीत. वय वाढलं की आपला हा नाद सुटतो.

अमेरिकेत मात्र तो न सुटलेली हजारो माणसं आहेत. सुट्टीच्या दिवशी ती आपापली रॉकेटं गाडीत टाकून मोकळ्या माळावर किंवा आटलेल्या तळ्याच्या पात्रात जातात. ही रॉकेटं माणसाच्या उंचीची, कधी त्याहून मोठी असतात. या छंदाला हाय पॉवर रॉकेट्री म्हणतात. त्यातल्या मोटरींना ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला ताकदीची मर्यादा दुप्पट होते. एच अक्षरापासून पुढची मोटर उडवायची तर सर्टिफिकेट लागतं. त्याची परीक्षा साधी आहे. रॉकेट स्वतः बांधायचं, उडवायचं आणि पॅराशूटनं धड खाली आणायचं. वर गेलं पण पडून मोडलं, तर नापास.

(यूट्यूब बघून घरी मसाला मिसळायचा विचार डोक्यात आला असेल तर तो आत्ताच काढून टाका. तिकडचे बहुतेक छंदिष्टसुद्धा तयार मोटरीच विकत घेतात.)

तर हे सगळं ज्याच्यामुळं सुचलं, तो माणूस म्हणजे रॉबर्ट गोडार्ड. रॉकेट खाली धड आलं का, हा प्रश्न त्यानं जन्मभर वागवला.

गोडार्डचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर गावचा. पोरगं लहानपणापासून आजारी, त्यामुळं शाळा मागं पडत गेली आणि वाचन वाढत गेलं. त्यातच एच. जी. वेल्सची मंगळावरून आलेल्या परग्रहवासीयांची कादंबरी हाती लागली. १९ ऑक्टोबर १८९९ ला सतरा वर्षांचा रॉबर्ट घरामागच्या चेरीच्या झाडावर वाळक्या फांद्या छाटायला चढला. वर बसल्या बसल्या त्याला वाटलं, मंगळापर्यंत जाणारं यंत्र बनवता आलं तर काय बहार येईल. खाली उतरला तो दुसराच मुलगा होता. हा दिवस तो पुढं आयुष्यभर वाढदिवसासारखा पाळायचा.

आता झाडावर बसून स्वप्नं सगळेच बघतात. हा गडी त्यापुढं गणित घेऊन बसला. कॉलेजात असताना त्यानं तळघरात दारूचं रॉकेट पेटवून इमारतभर धूर केला. १९११ ला क्लार्क विद्यापीठातून पीएचडी झाली. आणि १९१३ ला टीबी. त्याच्या आईलाही हाच रोग होता. डॉक्टरांनी जेमतेम दोन आठवडे दिले होते. तो वाचला, आणि त्या आजारपणातच पेटंटचे अर्ज भरून टाकले. १९१४ ला दोन पेटंट मंजूर झाली. एक अनेक टप्प्यांच्या रॉकेटचं आणि दुसरं द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या रॉकेटचं. आजची अवकाशातली मोठी रॉकेटं या दोन कल्पनांवरच उभी आहेत.

तेव्हाची दारूची रॉकेटं फार वाया घालवायची. इंधनातल्या उर्जेपैकी २ टक्क्यांच्या आसपासच रॉकेट ढकलायला कामी यायची. गोडार्डनं स्टीम टर्बाइनमधलं डी लाव्हाल नॉझल उचललं. हे नॉझल आधी निमुळतं होतं आणि मग फुलत जातं. ते बसवल्यावर हाच आकडा ६० टक्क्यांच्या वर गेला. पण हे सगळं पगारातून किती दिवस भागवणार? शेवटी स्मिथसोनियन संस्थेनं १९१७ ला ५००० डॉलर मंजूर केले.

त्या पैशाचा हिशेब म्हणून त्यानं एक निबंध लिहिला. विषय होता, खूप उंचावर यंत्रं कशी पोचवायची. शेवटी शेवटी त्यानं सहज एक उदाहरण दिलं, की पुरेसं मोठं रॉकेट चंद्रावर नेऊन तिथं झगमगणारी पावडर पेटवली तर पृथ्वीवरून दुर्बिणीतून दिसेल. झालं! जानेवारी १९२० मध्ये पेपरवाल्यांना हे कळलं आणि हवामानाची यंत्रं राहिली बाजूला, चंद्रावर जाणारा प्रोफेसर म्हणून त्याची खिल्ली सुरू झाली. १३ जानेवारीला न्यूयॉर्क टाइम्सनं अग्रलेखाच्या पानावर लिहिलं, की पोकळीत रॉकेटला ढकलायला हवाच नाही, आणि शाळकरी पोराला असलेलं ज्ञानही या प्रोफेसरला नाही.

आता चूक कोणाची होती? रॉकेट हवेला रेटून पुढं जातच नाही. नावेत उभं राहून जड पोतं मागं फेकलं तर नाव पुढं सरकते, तिथं हवेचा काय संबंध? रॉकेट आपलाच धूर मागं फेकतं आणि आपण पुढं जातं. उलट हवा नसली तर अडथळा कमी. गोडार्डनं हे निर्वात नळीत प्रयोग करून दाखवलंही होतं. पण छापून आलेलं हसू पुसता येत नाही. मुळात लाजरा माणूस, तो आणखी मिटला. काय करतो हे कोणाला सांगायचंच बंद केलं.

सांगायचं नसलं तरी करायचं थांबलं नव्हतं. १६ मार्च १९२६. ऑबर्न गावात एफी नावाच्या नातेवाईक बाईंचं शेत, जमिनीवर बर्फ. साधारण तीन मीटर उंचीचा पाइपांचा सांगाडा उभा केलेला, त्यात पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजन. बघायला लोक किती? गोडार्ड, त्याची बायको एस्थर, मेकॅनिक हेन्री सॅक्स आणि सहकारी पर्सी रूप. सॅक्सनं लांब काठीला बांधलेल्या ब्लोटॉर्चनं रॉकेट पेटवलं. आवाज झाला, जाळ निघाला, पण ते हलेना. इंधन जळून वजन कमी होईपर्यंत ते जागेवरच गुरगुरत राहिलं, आणि मग उठलं. अडीच सेकंद, ४१ फूट वर, आणि १८४ फुटांवर कोबीच्या मळ्यात आदळलं.

एस्थरच्या हातात मूव्ही कॅमेरा होता. पण त्याची चावी एकदा दिली की तो जेमतेम सात सेकंद चालायचा. रॉकेट गुरगुरत असतानाच चावी संपली. द्रवरूप इंधनावर उडालेल्या जगातल्या पहिल्या रॉकेटचं उड्डाण त्यामुळं चित्रित झालंच नाही. आपण वाढदिवसाचा केक कापताना स्टोरेज फुल होतं म्हणून चिडतो, इथं तर इतिहासच सुटला.

या रॉकेटमध्ये एक गंमत होती. इंजिन वर आणि टाक्या खाली. वरून ओढलं की खालचं वजन लोलकासारखं लटकून सरळ राहील असा हिशेब. तो चुकीचा निघाला. दिवाळीच्या रॉकेटची काडीसुद्धा वजनानं नाही, मागं वारा धरते म्हणून रॉकेट सरळ ठेवते. आजचे छंदिष्ट उड्डाणाआधी हेच तपासतात, की रॉकेटचा तोल वाऱ्याचा दाब जिथं एकवटतो त्या जागेच्या पुढं हवा. गोडार्डनं पुढं इंजिन खाली नेलं.

१७ जुलै १९२९ ला कॅमेरा आणि बॅरोमीटर ठेवलेलं रॉकेट उडालं तेव्हा एवढा दणका झाला की विमान कोसळलं समजून पोलीस आणि ॲम्ब्युलन्स धावत आल्या. पेपरवाल्यांनी पुन्हा चंद्र हुकला म्हणून टवाळी केली आणि मॅसॅच्युसेट्समध्ये रॉकेट उडवायला बंदी आली. पण या बातम्या वाचून एक माणूस त्याला शोधत आला, अटलांटिक एकट्यानं पार करणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग. त्याच्या शब्दावर गुगेनहाइम घराण्यानं चार वर्षांसाठी १ लाख डॉलर द्यायचं ठरवलं. गोडार्ड न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला गेला. होय, पुढं उडत्या तबकड्यांनी गाजलेलं तेच रॉसवेल.

तिथल्या माळावर चार-पाच माणसांचं हे दुकान चालायचं, त्यात एक त्याचा मेहुणा. एस्थर पॅराशूट शिवायची, फोटो काढायची, गवताला लागलेली आग विझवायची. जायरोस्कोपनं दिशा सांभाळणं आणि धुराच्या झोतात पाती घालून रॉकेट वळवणं या गोष्टी इथं झाल्या. १९३७ ला एक रॉकेट अडीच किलोमीटरच्या वर गेलं. पण १९३५ ला लिंडबर्ग आणि गुगेनहाइम मुद्दाम बघायला आले, तेव्हा नेमकी रॉकेटं उडाली नाहीत. प्रोफेसरचा चेहरा काय झाला असेल, कल्पना करा.

एक गोष्ट मात्र मला खटकते. १९३६ ला कॅल्टेकमधला फ्रँक मलिना नावाचा तरुण रॉसवेलला भेटायला गेला. गोडार्डनं पाहुणचार केला, पण कामाचं फारसं काही दाखवलं नाही. १९२६ चं उड्डाणसुद्धा जगाला नीट कळलं ते १९३६ च्या अहवालातून. तो एकटा झगडत राहिला, आणि त्याच काळात जर्मनीत सरकारी पैशावर शेकडो माणसं कामाला लागून व्ही-२ उभं राहिलं. हसं झाल्याची भीती समजते, पण ती त्याला महाग पडली.

१९३८ च्या चक्रीवादळात वूस्टरचं ते चेरीचं झाड पडलं. बातमी कळल्यावर त्यानं डायरीत नोंद केली. १० ऑगस्ट १९४५ ला घशाच्या कर्करोगानं तो गेला, वय ६२.

मग एस्थर कामाला लागली. त्याच्या वह्या, आकृत्या चाळून तिनं त्याच्या पश्चात आणखी १३१ पेटंट मिळवली, एकूण २१४ झाली. १९६० ला अमेरिकन सरकारनं ही पेटंट वापरल्याबद्दल १० लाख डॉलर मोजले, ते तिला आणि गुगेनहाइम फाउंडेशनला मिळाले. त्याआधीच नासानं एका केंद्राला गोडार्डचं नाव दिलं होतं.

आणि न्यूयॉर्क टाइम्स? अपोलो ११ चंद्राकडं निघालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ ला, त्यांनी छोटासा मजकूर छापून १९२० ची चूक मान्य केली. त्या यानात बझ आल्ड्रिन होता. त्याचे वडील क्लार्क विद्यापीठात गोडार्डचे विद्यार्थी होते. एफीबाईंच्या त्या शेताच्या जागी पुढं गोल्फचं मैदान झालं, आणि रॉकेट उभं केलं होतं तिथं एक दगडी खूण आहे.