गोपाळबाबा वलंगकर : निवृत्त सैनिकांचे कैवारी

महाडजवळील रावदळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहू लागले. तेथे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या अस्पृश्य सैनिकांची अनेक कुटुंबे होती. पलटणीमुळे त्यांना नियमित वेतन व मुलांना शिक्षण लाभले होते. पुढे अस्पृश्यांची सैन्यभरती बंद होऊ लागली आणि पुढच्या पिढीचा हा आधारच तुटला. वलंगकरांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’च्या वतीने १८९४ साली सरसेनापतींना उद्देशून मराठीत अर्ज सिद्ध केला. त्यात पूर्वजांच्या सेवेचे स्मरण देऊन त्यांनी भरतीचा हक्क मागितला. १९०० साली त्यांचे निधन झाले. भरती खुली झालेली त्यांना पाहता आली नाही. तथापि, याचनेऐवजी हक्काची भाषा मराठीत आणणाऱ्या आरंभीच्या लेखकांत त्यांची गणना करावी लागते.