डॉ. हाफकीन

वाल्डेमार हाफकीन यांचा जन्म १८६० सालीं तत्कालीन रशियन साम्राज्यांतील ओडेसा येथें एका यहुदी कुटुंबांत झाला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला व लवकरच आपल्या पुणें जिल्ह्यांत शिरला. १८९७ सालीं सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करतांना त्यास बळी पडल्या. त्या वेळीं हाफकीन मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत लशीच्या खटपटींत होते. मांसरसावर तुपाचे थेंब सोडले असतां त्यांच्या आधारानें प्लेगचे जंतु विपुल वाढतात, असें त्यांस आढळलें. हे जंतु उष्णतेनें मारून व कार्बोलिक ॲसिड मिसळून त्यांनीं लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली.

१९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल येथें एकाच बाटलींतील लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. आळ हाफकीन यांजवर आला व त्यांचें पद गेलें. १९०७ सालीं ते निर्दोष ठरले आणि पुन्हां हिंदुस्थानांत येऊन कामास लागले. १९३० सालीं ते निवर्तले. परळ येथील त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांचेंच नांव धारण करीत आहे.

विद्यार्थिमित्रहो, शोध लावण्यास बुद्धि लागते. पण आळ सोसून पुन्हां सेवेस उभें राहण्यास मोठें अंतःकरण लागतें.